राखीव नमुना

पुष्पलता चिलवेरी स्टीलच्या डब्यात कोको घेऊन आली
तेव्हा अक्कलकोट रोडचं डांबर मऊ झालं होतं.
डब्यावर जुनी चिठ्ठी, अर्धी निघालेली: शेंगाचट
"तीनदा धुतलाय," ती म्हणाली.
मी म्हटलं, असा चालत नाही, पिशवी बंद हवी.
मग तिनं कापडी थैलीतून बंद पिशवीही काढली,
जणू मी असं म्हणणार हे तिला ठाऊक होतं.
अर्जात एक रकाना असतो, तपासणीचं कारण.
लोक तिथं 'परवाना' लिहितात.
तिनं लिहिलं: पोरं खातात.

अर्धा ग्रॅम पुरतो.
नायट्रिक आम्लात पडला की आधी फसफसतो,
नारिंगी धूर सोडतो, भांडतो थोडा वेळ,
मग रंग जातो, वास जातो,
खाली उरतं ते विहिरीच्या पाण्याइतकं नितळ.
जे शोधायचं ते त्यातच असतं
आणि त्याला काहीच झालेलं नसतं.

शिसं बरंचसं बाहेरून येतं, मी तिला सांगितलं,
बिया उन्हात पसरल्या, रस्त्याची धूळ बसली.
कॅडमियमचं वेगळं. ते झाड स्वतः पितं.
जस्त समजून मूळ त्याला आत घेतं,
दारात पाहुण्याला कोण विचारतं, कुठल्या गावचा?
"आन् माणूस?"
माणूसही तसंच. मूत्रपिंडात सांभाळतो,
वीस वर्षं, तीस वर्षं,
ट्रंकेतल्या जुन्या पावत्यांसारखं.

शून्य दशांश आठ चार.
युरोपात रेघ आहे शून्य दशांश सहावर.
एका वडीनं काही होत नाही, हेही सांगितलं मी,
रोजचं किती, अंग केवढं, ते धरायचं असतं,
आमच्या वालचंद सरांनी शिकवलेल्या आवाजात सांगितलं.
"काय सांगलालाव ओ."
रागानं नाही. हिशेब चुकल्यावर माणूस म्हणतो तसं.
विकलेल्या यंत्रमागाच्या पैशात आलेला जुना फ्रीज,
पाच दिवसांनी येणारं पाणी, भरून ठेवलेले बॅरल,
गूळ, शेंगदाणे, कोको,
विडी घरकुलातल्या प्रत्येक वाढदिवसाला
चांदीच्या कागदातल्या तिच्या वड्या.
हे सगळं तिनं सांगितलं नाही.
पावतीच्या मागं ती आकडे मांडत होती, ते मी वाचलं.

"तंबाखूचं झाडपण पितं का हे?"
पितं, म्हटलं. चांगलंच.
"आई चाळीस वर्षं विड्या वळायची. रोज हजार.
सुपात पान, सुपात तंबाखू, सुपाशेजारी मी.
तिच्या बोटांचा नमुना कुणी घेतला नाही."

यंत्र थंड होत होतं.
आर्गॉनच्या सिलिंडरचा काटा मी उगाच पाहिला.
असल्या प्रश्नाला आमच्याकडे फॉर्म नाही.

जाताना दारात थांबली.
चार किलो घरात आहे, ते टाकू कुठं?
परसात टाकलं तर शेवग्याला जाईल ना,
शेवग्यातून आमटीत.
मी म्हटलं, हो.
मग गटारीत?
मी गप्प राहिलो.
"म्हणजे टाकायला जागाच नाही," ती म्हणाली,
आणि अहवाल चार घड्या करून
ब्लाउजमध्ये नाही, डब्यात ठेवला,
चट हे अक्षर वर आलं.

पुढच्या महिन्यात तिनं दुसऱ्या व्यापाऱ्याचा कोको पाठवला.
पोरगा घेऊन आला, पैसेही सुटे.
शून्य दशांश दोन नऊ. मी स्वतः फोन केला.
पलीकडून तेलुगूत काहीतरी ओरडणं, भांडं पडल्याचा आवाज,
मग ती: "परत एकदा सांगा की."
परत सांगितलं.

पहिली पिशवी अजून कपाटात आहे,
क्रमांक, तारीख, लाल शिक्का.
सहा महिने ठेवावी लागते.
एप्रिलच्या दुपारी पंखा गरम हवा फिरवतो
आणि आम्लाच्या वासातून
अचानक गोड नसलेला, कडू, ओळखीचा
वाढदिवसाचा वास येतो.
कपाट लावलेलंच आहे.
तरी मी उठून एकदा कडी पाहतो.